दोष बॅटरीचा की आणखी कुणाचा?

मोटारसायकल सकाळी सुरू होईना की आपण सारे एकमुखाने बॅटरीला दोषी ठरवितो. जुनी टाकावी, नवी आणावी, हाच न्याय. खरे पाहता बॅटरी ही केवळ कोठी आहे. तीत वीज भरणारे कॉइल आणि त्या भरण्याला लगाम घालणारा रेग्युलेटर यांची चौकशी क्वचितच होते.

ही चौकशी अवघड नाही. काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. प्रथम बॅटरीची टोके पाहावीत. आमच्या वसईच्या खाऱ्या हवेत त्यांवर पांढरा-हिरवा थर फार लवकर चढतो. तो घासून काढावा. मग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मोजावी. 12.6 व्होल्ट वा अधिक असल्यास ती भरलेली, 12 च्या खाली असल्यास जवळजवळ रिकामी. मात्र एवढ्यावरच निकाल देऊ नये. स्टार्टरचे बटण दाबताच आकडा 10 च्या बराच खाली कोसळला, तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून खंगलेली समजावी.

आता इंजिन सुरू करून थोडा वेग द्यावा. आकडा साधारण 13.5 ते 14.5 वर स्थिरावला पाहिजे. तो चढलाच नाही, तर भरणा होत नाही. अशा वेळी कॉइलकडून येणाऱ्या तीन तारा (बहुधा पिवळ्या) रेग्युलेटरपासून सोडवाव्यात आणि दोन-दोन तारांमधील एसी व्होल्ट मोजावेत. तिन्ही आकडे सारखे हवेत व वेगाबरोबर वाढावयास हवेत. एखादी जोडी मागे पडली, तर कॉइल जळाली. तिन्ही ठीक असतील, तर संशय रेग्युलेटरवर व त्याच्या जोडणीवर.

उलट प्रकारही घडतो. आमच्या धर्मग्रामातील दूध घालणाऱ्या एका तरुणाने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या घालविल्या आणि तो तिसरीसाठी उसने पैसे मागत होता. त्याच्या गाडीवर मीटर लावला, तो आकडा 15.8! बिघडलेला रेग्युलेटर लगाम सोडून बसला होता. जादा भरण्याने बॅटरी फुगली होती. तिसरी बॅटरी त्याला घ्यावी लागलीच, पण आधी रेग्युलेटर बदलून.

कधी कुणाचाच दोष नसतो. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर सतत जळतो. घर ते बाजार, बाजार ते चर्च अशा पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि दर वेळी सेल्फ! खर्च झालेली वीज भरून निघणार केव्हा? आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी.

आणि एक विनंती. इंजिन चालू असता बॅटरीची तार काढून 'चार्जिंग' पाहण्याची जुनी रीत काही गॅरेजांत अद्याप दिसते. ती आपल्या गाडीवर होऊ देऊ नये. त्या क्षणी उसळणाऱ्या दाबाने चांगला रेग्युलेटरही जळू शकतो.