घोडा निरोगी आहे ना?

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, की आमच्या वाणिज्य शाखेची मुले ती वाचून शांतपणे पुढे जातात. पाऊस, चांदणे, आजीची गोधडी हे विषय कला शाखेने केव्हाच वाटून घेतलेले. आमच्या वाट्याला उरतो तो जमाखर्च! म्हणून आमच्या घरातल्या एका खरेदीवरच लिहावे असे मी ठरवले. खरेदी होती जुन्या मोटारीची, आणि तीही आपले आपण गीअर बदलणाऱ्या ऑटोमॅटिक मोटारीची.

यात हौसेचा भाग नव्हता. बाबांनी तेवीस वर्षे मालाचा टेम्पो चालवला. बेळगावची भाजी चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला पोचवायची आणि रिकाम्या गाडीने परत यायचे. क्लच दाबून दाबून डावा गुडघा झिजला. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, "गाडी चालवायचीच असेल तर बिनक्लचची चालवा." टेम्पो विकला गेला. सारे आयुष्य स्टिअरिंगमागे काढलेला माणूस मुलाच्या स्कूटरवर मागे बसून बाजारात येऊ लागला. तेव्हा बाबा किती गप्प झाले आहेत, हे मला मागे वळून न पाहताही कळत असे. टेम्पोचे पैसे आणि पतसंस्थेतली ठेव मिळून साडेचार लाख रुपये होते. ते एकदाच खर्च होणार होते.

पहिल्या वर्षी आम्हांला घसारा शिकवतात. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने पंधरा टक्के धरले, तर चार लाखांची गाडी पहिल्या वर्षाअखेर ३,४०,००० ची आणि दुसऱ्या वर्षाअखेर २,८९,००० ची होते. टायर, रंग, गाद्या या हिशेबाला थोड्याफार जुळतात. गीअरबॉक्स जुळत नाही. तोही झिजतोच, पण झीज अंगावर दाखवत नाही. पुष्कळ दिवस मुकाट चालतो आणि एके दिवशी सगळी बाकी एकदम मागतो. ताळेबंदाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'संभाव्य देणी' अशी एक टीप असते ना, तसा तो असतो. जुनी गाडी घेणाऱ्याने ती टीप आधी वाचावी.

ती वाचायला बसलो, तेव्हा कळले की 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली चार निरनिराळी यंत्रे नांदतात. सर्वांत जुन्या घराण्यातले टॉर्क कन्व्हर्टरचे. त्यात इंजिन आणि गीअर यांच्यामध्ये तेल असते. एक पंखा तेल फिरवतो आणि ते तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते. वेळेवर तेल बदलले तर हे यंत्र दीर्घायुषी. मात्र तेल काळे पडले आणि त्याला जळका वास येऊ लागला की समजावे, दुखणे जुने आहे. दुसरे सीव्हीटी. यात दात्यांचे गीअरच नाहीत. दोन कप्प्यांवरून एक पट्टा फिरतो आणि कप्प्यांची रुंदी कमीजास्त होते. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली या तऱ्हेची मोटार लोकांसमोर आणली. आज पट्टा पोलादाचा असतो आणि त्याला त्याच्याच जातीचे तेल लागते. तिसरे दोन क्लचांचे, डीसीटी. एका क्लचवर १, ३, ५ हे गीअर आणि दुसऱ्यावर २, ४, ६. गाडी धावते झकास. पण यातल्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला गर्दीत इंच इंच सरकणे मानवत नाही, तो तापतो. २०१३ साली फोक्सवॅगनला या जातीच्या गीअरबॉक्सपायी चीनमधल्या ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अशाच गीअरबॉक्सच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. चौथे एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने ते आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. गीअरबॉक्स नेहमीचा, क्लचही नेहमीचा. फक्त क्लच दाबायला माणसाच्या पायाऐवजी यंत्राचा हात. म्हणजे बाबांचा गुडघा सुटला, तरी क्लचची झीज काही सुटत नाही!

एवढे वाचल्यावर मला वाटले, विषय मेस्त्रींच्या हद्दीतला आहे. पण तो फिरून आमच्याच वर्गात आला. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रामुख्याने त्याच कामासाठी. त्यांचे म्हणणे साधे आहे. गाडीत काय दडले आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीने सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. मागे उरतात वाईट गाड्या. एकाच्या गप्प बसण्याने अनेक प्रामाणिक माणसांचे नुकसान होते, ते असे.

मग कायदा काय म्हणतो? १९३० च्या माल विक्री कायद्याचे सोळावे कलम, काही अपवाद सोडले तर, मालाच्या दर्जाची काळजी घेणाऱ्यावरच टाकते. १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम सांगते, की नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे. पुढे दाखला घोड्याचा दिला आहे. लिलावात एकाने दोष असलेला घोडा विकला आणि दोषाबद्दल तो काही बोलला नाही, तर ती फसवणूक होत नाही. पण पुढचाच एक दाखला पाहा. घेणारा म्हणतो, "तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निरोगी आहे असे मी समजेन." यावर विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्याबरोबरीचे ठरते. एका प्रश्नाने मौनाचा अर्थच पालटतो! हा दाखला मी परीक्षेसाठी पाठ केला होता. उपयोगी पडला तो घरात.

पहिली गाडी बाबांच्या जुन्या ओळखीतली होती, दोन क्लचांची, दिसायला आरशासारखी. बाबा भिडेने विचारीनात, म्हणून मीच विचारले, "काका, गाडी तापल्यावर गीअर अडकतो का? तुम्ही काही म्हणाला नाहीत, तर तो चांगला आहे असे आम्ही धरून चालू." काका हसले. "अरे, आपल्या आपल्यात असे विचारायचे असते का?" वंटमुरीच्या घाटापर्यंत नेऊन बघू का म्हटले, तर म्हणाले, "उगीच पेट्रोल कशाला जाळता?" चहा झाला, आम्ही उठलो. त्या गाडीचा गीअरबॉक्स वाईट होता असे माझे मुळीच म्हणणे नाही. कदाचित तो उत्तमही असेल. पण मग एका उत्तम गाडीचे गिऱ्हाईक केवळ एका शब्दाअभावी परत गेले.

दुसरी गाडी कन्नड वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत सापडली. माझी शाळा मराठी, तरी गल्लीने मला कन्नड शिकवले आहे. फोन मीच केला. मालक धारवाडचे निवृत्त शिक्षक. गाडी एएमटीची. आम्ही बसतो न बसतो तोच त्यांनी बिलांची फाइल पुढे ठेवली आणि म्हणाले, "६२,००० किलोमीटरला क्लच बदलला आहे. माझी मुलगी चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवायची, त्यात तो जळला." विचारायच्या आधीच सांगणारा विक्रेता मी प्रथमच पाहिला. पण तशाच दुसऱ्या गाड्यांपेक्षा त्यांची किंमत पंधरा हजारांनी जास्त होती.

बरोबर आमचे मेस्त्री होते. त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली. तापवून ठेवलेले इंजिन पुष्कळ खोडी लपवते म्हणे. ब्रेकवर पाय ठेवून आर, एन, डी असे दांड्याला फिरवले आणि धक्का किती बसतो, उशीर किती लागतो ते पाहिले. संगणकी स्कॅनर लावून साठलेल्या तक्रारी वाचल्या. मी म्हटले, "झाले?" ते म्हणाले, "बिसी आगली, आमेले नोडोण." गरम होऊ दे, मग बघू. पाऊण तास बाजारपेठेतल्या गर्दीतून फिरवून त्यांनी ती विद्यापीठाच्या चढावर थांबवली, पुन्हा उचलली आणि मग तोच चढ उलटा चढवला. मला वाटते, गीअरबॉक्सबद्दलचे सारे शहाणपण त्या एका वाक्यात आहे. थंड गाडी सगळ्यांचीच चांगली असते.

बाबा भाजीच्या दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे. त्या दिवशी त्यांनी पंधरा हजार मुकाट मोजले. परतताना मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "त्यांनी क्लचचे सांगितले नसते, तर आपल्याला कुठे कळणार होते? त्याचे पैसे दिले." ॲकरलॉफ यांचे नाव बाबांनी ऐकलेले नाही.

आता भाजी आणायला मी बाबांच्या शेजारी बसून जातो. त्यांचा डावा पाय अजूनही सिग्नलपाशी सवयीने पुढे सरकतो, क्लच शोधतो आणि मागे येतो. गाडी पुढे किती वर्षे साथ देईल हे गाडीलाच ठाऊक. पण वाचकांपैकी कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला असेल, तर त्याने भीड बाजूला ठेवावी, चार माणसांदेखत विचारावे आणि उत्तर येईपर्यंत चहाच्या कपाला हात लावू नये. आणि ज्याला विकायची असेल, त्याने न विचारता सांगावे. त्याचीही किंमत येते.