हत्ती विकायचा का?

हॅचबॅक बुक करायला निघालेली मी आणि दारातला जुना टेम्पो सोडायला तयार नसलेले बाबा. मधे किन्हवलीच्या नाक्यावरची एक सकाळ.

‘तुमच्याकडे गाडी कुठली?’ कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं आणि मी बिनधास्त ठोकून दिलं, ‘इंडिका.’ तसं ते अगदीच खोटं नव्हतं. निम्मं खरं होतं.

निम्मं अशासाठी की आमच्या दारात उभा होता टाटा एस. म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’. मे २००५ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याचं इंजिन इंडिकाच्या डिझेल इंजिनावरूनच बेतलेलं होतं. इंडिकाला चार सिलिंडर, १४०५ सीसी. हत्तीला दोन सिलिंडर, ७०२ सीसी. बरोब्बर अर्धं! ताकद जेमतेम १६ हॉर्सपॉवर, मागे अधिकृत वजन पाऊण टन, आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. एमबीए केलेल्यांना ही केस स्टडी पाठ असेल. मालाच्या तीनचाकीवाल्यांना परवडेल अशी, पण चार चाकांची गाडी द्यायची, ही मूळ कल्पना. चार चाकांना गावात मान असतो, लग्न जमायला मदत होते, हेही त्या केस स्टडीत सांगतात. आमच्याकडे बाबांचं लग्न आधीच झालेलं होतं. त्यामुळे मान तेवढा मिळाला.

२००७ साली, मी पाचवीत असताना, बाबांनी तो घेतला. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. शहापूरला निदान आसनगावची लोकल तरी आहे, मुरबाडला रेल्वेच नाही. भात एकदा काढलं की शेतात भेंडी, काकडी, दुधी लागतो. आमच्याकडची भेंडी एक्स्पोर्टलाही जाते बरं का! पण ती भेंडी संध्याकाळी तोडून रात्रीत कल्याणच्या नाहीतर वाशीच्या मार्केटला पोचवायची कशी? एसटीच्या टपावर? मोठा ट्रक चार पाट्यांसाठी कोण बोलावणार? आणि बोलावला तरी तो आमच्या पाड्याच्या रस्त्यावर वळणार कुठे?

हत्ती वळायचा. भेंडी, विटा, सिमेंट, मंडपाचे बांबू, गौरी-गणपती, म्हसाच्या जत्रेत मांडायची दुकानं... या गाडीनं काय वाहिलं नाही ते विचारा. माझी इंजिनिअरिंगची फीसुद्धा तिनंच वाहिली. आणि मी? कॉलेजच्या गेटवर बाबा सोडायला आले की दोन सिग्नल अलीकडेच उतरायचे.

आता कट टू ऐरोली. एसी ऑफिस, गळ्यात आयकार्ड, वय वर्षं एकोणतीस. टीममधल्या सगळ्यांकडे गाडी, माझ्याकडे लोकलचा पास. दोन वर्षं पैसे साठवले, एक लालचुटुक हॅचबॅक हेरून ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि माझी एक्सेल शीट एकदम हिरवी झाली. डाउन पेमेंटमध्ये थोडेच कमी पडत होते. त्यावर उपाय सोपा होता. हत्ती विकायचा! अठरा वर्षांची गाडी, पण पाऊण लाख कुठे जात नाहीत. बाबा आता चौसष्टचे, गुडघे कुरकुरतात. किती दिवस ते जड स्टीअरिंग ओढणार? शिवाय १५ वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढलीय. बिनतोड प्रेझेंटेशन तयार होतं.

डिसेंबरातल्या शनिवारी आसनगावला उतरले. बाबा हत्ती घेऊन हजर. वाटेत मी विषय काढला. ते ‘हं’ म्हणाले. आमच्याकडे ‘हं’चा अर्थ ‘बघू’ होत नाही, ‘नाही’ होतो.

‘उद्या सकाळी नाक्यावर चल,’ एवढंच म्हणाले.

किन्हवलीच्या नाक्यावर रविवारी सकाळी सात-आठ छोट्या गाड्या लागलेल्या असतात. भाड्याची वाट बघत. टपरीवर कटिंग मारत मालक मंडळी बसलेली. बाबांनी जाहीर केलं, ‘पोरगी म्हणते हत्ती विका.’ आणि स्वतः शांतपणे बशीत चहा ओतला. मी सापळ्यात सापडले होते.

‘विका ना!’ मंडपवाले काका ताडकन म्हणाले. मला वाटलं, चला, एक मत मिळालं. ‘मी तर केव्हाच विकला. आता मोठी पिकअप आहे. लोकांना मंडप मोठा, डीजे मोठा, सगळंच मोठं लागतं. छोट्या गाडीत दोन फेऱ्या होतात. डिझेल दोनदा, हमाली दोनदा.’

‘आणि लग्नाचा सिझन संपला की?’ दूध गोळा करणाऱ्या दादानं विचारलं. ‘जूनपासून दिवाळीपर्यंत तुमची पिकअप अंगणात उभी. हप्ता मात्र उभा राहत नाही, तो चालूच.’

सगळे हसले. काकाही हसले, पण जरा कसनुसं.

मग भेंडीवाल्या मामांनी नवं काय काय आलंय ते मांडलं. मी ऑफिसात डॅशबोर्ड बनवते, पण यांच्या तोंडावर आकडे होते. हत्तीचा नवा अवतार, एस प्रो, जून २०२५ मध्ये आला. तेव्हा सुरुवात ३ लाख ९९ हजारांपासून होती, पाऊण टन वजन, पेट्रोल, पेट्रोल-सीएनजी नाहीतर बॅटरीवरचा. मारुतीची सुपर कॅरी २०१६ ला आली तेव्हा तिच्यात सेलेरिओ कारचं ७९३ सीसीचं डिझेल इंजिन होतं. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि ते डिझेल बंद झालं. आता १.२ लीटरचं पेट्रोल नाहीतर सीएनजी.

‘म्हणजे कारचंच इंजिन,’ मी म्हटलं.

‘मग? कार काय, टेम्पो काय. मागे शीट लावली की कार, फाळका लावला की टेम्पो.’

‘सीएनजी घ्या,’ दूधवाला म्हणाला. ‘किलोमीटरला स्वस्त.’

‘स्वस्त आहे, पण हायवेपर्यंत जा, रांगेत उभा राहा. भेंडी रांगेत उभी राहत नाही रे. दुपारपर्यंत काळी पडते.’

‘मग इलेक्ट्रिक?’ हे अर्थातच मी. एस ईव्ही मे २०२२ मध्ये जाहीर झाली, कंपनीनं एका चार्जला १५४ किलोमीटर सांगितले होते, हे मी रात्रीच वाचून ठेवलं होतं.

मामा हसले नाहीत. गंभीरपणे विचार करून म्हणाले, ‘ठाण्या-मुंबईत घरोघरी पार्सल टाकणाऱ्याला ती बेस्ट. रोजचा ठरलेला रस्ता, रात्री चार्जिंग. मला वाशीला जाऊन यायचं म्हणजे दोन्ही वेळचा माल धरून हिशोब काठावर येतो. त्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. पाच वर्षांनी विचार. तेव्हा कदाचित मीच घेईन.’

आहे की नाही बॅलन्स्ड व्ह्यू? आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये इतकं मुद्देसूद कुणी बोलत नाही.

पण छोट्या गाडीला भविष्य आहे का, हा प्रश्न उरलाच. मधल्या काळात बरंच गिऱ्हाईक मोठ्या पिकअपकडे सरकलंय, हे खरं. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. भिवंडीकडे गोदामांवर गोदामं उभी राहिलीत. मोठे कंटेनर सुसाट जाणार. मग हत्तीचं काय?

‘कंटेनर तुझ्या पाड्यात येणार आहे का?’ आतापर्यंत गप्प असलेले बाबा बोलले. ‘शेवटचा मैल कुणाचा? आपलाच.’

‘लास्ट माइल’ हा शब्द मी दर सोमवारी तीन वेळा तरी ऐकते. बाबांनी तो कधीच ऐकला नव्हता.

मी शेवटचं अस्त्र काढलं. ‘पण बाबा, त्यात माणसं कुठे बसतात?’

टपरीवर शांतता पसरली. कारण हा प्रश्न सगळ्यांच्या दुखऱ्या जागेवर होता. केबिनमध्ये दोन माणसं. घरात पाच. मागे माल न्यायचा, माणसं न्यायची नाहीत, हा कायदा सगळ्यांना ठाऊक असतो आणि लग्नसराईत सगळे सोयीस्कर विसरतात. चार वर्षांपूर्वी रात्री आईला छातीत दुखायला लागलं. केबिनमध्ये बाबा आणि आई. मी आणि भाऊ मागे, फाळक्याला धरून, थंडीत, कल्याणपर्यंत. मागे बसलेल्यांना काही झालं तर विमाही हात वर करू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आई वाचली. पण त्या रात्री मी ठरवलं होतं की आपल्या घरी चार दारांची गाडी असली पाहिजे. माझी लालचुटुक हॅचबॅक ही नुसती हौस नव्हती, हे मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोलले.

बाबांनी बशी खाली ठेवली. ‘मग हे आधी सांगायचं ना. मला वाटलं, तुला अजून लाज वाटते गाडीची.’

दोन सिग्नल अलीकडे उतरणारी मुलगी त्यांना दिसत होती तर! इतकी वर्षं.

गंमत म्हणजे जगात हा प्रश्न आपल्या आधी बऱ्याच जणांना पडलाय. ऑस्ट्रेलियात १९३२ साली एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं म्हणे. रविवारी चर्चला नेता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या! त्यातून १९३४ ला कारवरच बेतलेली पिकअप निघाली, तिथले लोक तिला ‘यूट’ म्हणतात. ब्राझीलमध्ये तर फियाट स्ट्राडा नावाची कारवर बेतलेली छोटी पिकअप २०२१ साली देशातली सर्वांत खपाची गाडी ठरली. आपल्याकडे मागची सीट आणि मागचा हौदा दोन्ही हवं तर बोलेरो कॅम्परसारख्या मोठ्या गाडीकडे जावं लागतं. नाक्यावरच्या कुणाच्याच बजेटात ती नव्हती. रविवार की सोमवार, एकच निवडायचा.

परत घरी आलो. मी लॅपटॉप उघडला, बाबांनी वही. हॅचबॅक माझ्या सोसायटीत पाच दिवस झाकून उभी राहणार, सहाव्या दिवशी मॉलला जाणार. हप्ता महिनाभर. आईला बरं वाटेनासं झालं तर ती ऐरोलीहून गावाला पोचेपर्यंत किती तास? या रकान्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. दुसरीकडे नवी छोटी पिकअप. तिच्यावरही जीएसटी आता १८ टक्केच. भेंडीच्या चार महिन्यांत बाबांच्या वहीप्रमाणे हप्ता निघून वर उरत होतं. पावसाळ्यात मात्र तोटा, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लाल पेनानं लिहिलं.

‘उभी गाडी खाते, चालती गाडी खायला घालते,’ ते म्हणाले. मग थोडं थांबून, ‘पण आईसाठी चार दारं हवीत, हेही बरोबर आहे तुझं.’

शेवटी तोडगा निघाला तो काही फार ग्लॅमरस नाही. माझ्या डाउन पेमेंटमधला मोठा भाग नव्या पिकअपला, पेट्रोलवाल्या. हप्ता बाबांचा. हत्ती मंडपवाल्या काकांच्या पुतण्यानं घेतला, सत्तर हजारांना. ते पैसे आणि माझी उरलेली बचत मिळून एक सेकंडहँड चार दारांची गाडी. ती ऐरोलीत नाही, गावाला उभी राहणार. रंग लाल नाही. पांढरा. आईला पांढरा आवडतो.

आणि मी? माझा लोकलचा पास सलामत आहे.

पण एक गोष्ट राहिली. नवी गाडी आली त्या रविवारी गुडघे धरून बाबा म्हणाले, ‘आज मार्केटला तू घे.’ पिवळी पाटी, मालाची गाडी, मी चालवायची? नाक्यावर पुन्हा चर्चासत्र. तेव्हा माझं वाचन एकदाचं कामी आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. आपलं तर पाऊण टनाचं पिल्लू! मंडपवाले काका मान हलवून म्हणाले, ‘पोरगी शिकल्याचा फायदा झाला.’

कल्याणच्या अलीकडे सिग्नलला शेजारी एक लालचुटुक हॅचबॅक येऊन थांबली. आत माझ्याच वयाची मुलगी, गॉगल लावलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मागे तीसएक पाट्या भेंडी, बाजूला बाबा डुलकी काढतायत.

सिग्नल सुटला. या वेळी मी अलीकडे उतरले नाही. मार्केटपर्यंत गेले.