बेसची बटणं बदलताना

प्रिय चिऊ,


फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या आणि तू बेस गिटार गळ्यात अडकवून स्टेजभर नाचतेस, असं ताई म्हणाली. ऐकून आनंद झाला, आणि बेसची काळजीही वाटली. चार किलोच्या आसपासचं ते धूड पट्ट्याच्या दोन भोकांवर लोंबकळत असतं, आणि कातडं जुनं झालं की भोक सैल पडतं. पट्टा निसटू नये म्हणून शालर कंपनीचं लॉक मागवलंस ते फार बरं केलंस.

पण ते दुकानात देऊन बसवून घेऊ नकोस, स्वतः बसव. लॉक कितीही भारी असो, बेस अखेर लाकडात रुतलेल्या स्क्रूच्या आट्यांवर टांगलेला असतो. ते आटे किती घट्ट बसलेत, हे स्क्रू पिळणाऱ्या हातालाच कळतं. तो हात तुझा असावा.

जुन्या स्क्रूचा मोह टाळ. बेसवर बसवायच्या शालरच्या बटणाला मध्ये खोलगट वाटी असते, तिच्यात स्क्रूचं डोकं पूर्ण बसायला हवं. जरा वर राहिलं की पट्ट्याकडचा खटका अर्धवट शिरतो, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून सोबत आलेलाच स्क्रू वापर. तो जुन्या भोकात नुसता फिरत असेल, तर टूथपिकचे तुकडे कोंबून भागवणारे पुष्कळ आहेत; माझं मन त्याला धजत नाही. सुताराकडून कठीण लाकडाची गोल काडी आण, भोक तिच्या मापाचं कर, फेविकॉल लावून ठोक आणि रात्रभर हात लावू नकोस. सकाळी वर आलेलं टोक सपाट काप.

आता नवं भोक. ड्रिलचं बिट स्क्रूसमोर धरून बघ: स्क्रूचा दांडा बिटामागे झाकला जावा, दोन्ही बाजूंनी फक्त आटे दिसावेत. तेच माप. किती खोल जायचं तिथे बिटाला चिकटपट्टी गुंडाळ. वरचा रंगाचा थर कडक असतो, चटकन तडकतो, म्हणून भोकाची कड आधी किंचित तासून घे. आट्यांवर मेणबत्ती घास आणि स्क्रू हातानेच पिळ, मशीन नको. शेवटच्या वेढ्यांना मनगटाला जडपणा जाणवेल. बटण टेकलं की थांब. आणखी एक पीळ दिलास तर लाकडातली पकड सुटते.

पट्ट्याकडचा भाग घोड्याच्या नालासारखा असतो. त्याची उघडी बाजू खांद्याकडे ठेव. मग खटका कधी निसटलाच, तरी बटण त्या नालात अडकून राहतं. पट्ट्यावरचा नट वाजवून वाजवून ढिला होतो. प्रत्येक कार्यक्रमाआधी तो अंगठ्याने चाचपून बघ. फार जाड कातड्याचा पट्टा घेऊ नकोस, नटाला धरायला आटेच उरत नाहीत.

लियो फेंडरच्या 1951 च्या प्रिसिजन बेसपासून बॉडीचं वरचं शिंग लांब पुढे येतं, ते पट्ट्याचं टोक बाराव्या फ्रेटच्या आसपास यावं आणि मान खाली झुकू नये म्हणून. त्यामुळे वरच्या बटणाची जागा बदलायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस.

तालमीची वेळ कळव, मी येतो. आणि बटण बसवताना त्याखाली फेल्टची चकती घालायला विसरू नकोस, नाहीतर रंगावर गोल वण उठेल.

तुझा,
मामा