लढाईतही न थांबलेली धून

'फायनल फँटसी सेव्हन'वरून माझं नि दादाचं भांडण ठरलेलं. गेम 1997चा. तो म्हणायचा, ठोकळ्यांसारखे हात, आवाज नाही, नुसते संवाद वाचायचे. यात कसला जीव? दिसायला ओबडधोबड आहेच. पण नोबुओ उएमात्सुचं संगीत! एरिथ मरते (आता याला स्पॉइलर म्हणू नका), लगेच राक्षसाशी लढाई सुरू होते, आणि नेहमीचं लढाईचं संगीत वाजतच नाही. तिचीच संथ धून चालू राहते. रडू आवरत बटणं दाबायची. दादाला हा रडवण्याचा सोपा डाव वाटायचा.

आई गेली. चौदाव्या दिवशी दोघंही ऑफिसला. महिन्याभराने रात्री त्याचा मेसेज आला, "ती धून पाठव. लढाईतली."

गेम त्याला अजूनही भिकारच वाटतो.