आधी उतरावे, मग चढावे

व्यायामाचे महत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु ज्याच्या बाहूंत बळच नाही त्याने आरंभ कोठून करावा, हे सांगणारा विरळा. गतवर्षी मैदानावरील आडव्या दांडीला लोंबकळून मी स्वतःस वर ओढू लागलो, तो हनुवटी दांडीपर्यंत नेणे दूरच, कोपरही वाकेना. सोबती हसले. त्या दिवसापासून मी तिकडे फिरकेनासा झालो.

पुढे आमच्या वाडीत सुपारी उतरविण्यास आलेल्या एका वृद्ध गृहस्थांस मी विचारले, "काका, हातांत एवढे बळ आले कोठून?" ते म्हणाले, "अरे, हातांनी कोण चढतो? हात झाड धरतात, चढतात ते पाय." पाहतो तो खरेच! पावलांत दोरीचे कडे अडकवून ते पायांच्या रेट्याने पोफळीवर चढत होते. मुरुडात जन्म घेऊनही हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

मग मी निरनिराळे प्रकार ताडून पाहिले. दांडीला लोंबकळले असता देहाचा सर्व भार हातांवर पडतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबविद्येस नवजीवन दिले, तिच्या दोरावरील प्रकारात पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर धरून पाय साह्य करितात. तथापि त्यास मूठ घट्ट हवी. सर्वांत सुलभ प्रकार म्हणजे कमरेइतक्या उंच दांडीखाली उताणे होऊन, टाचा जमिनीस टेकवून छाती वर ओढणे. अंग जितके उभे, तितका भार हलका.

आणखी एक गोष्ट कळली. स्नायू जेवढा भार उचलू शकतो, त्याहून अधिक भार सावकाश खाली सोडताना पेलू शकतो. म्हणून मी बाकावर चढून हनुवटी दांडीच्या वर नेई, पाय सोडी व पाच अंक मोजीत खाली येई. एक दिवसाआड हा क्रम चालविला. तिसऱ्या महिन्यात, तळवे स्वतःकडे वळवून, बाकावाचून मी एकदा वर गेलो! अशा पकडीत दंडाच्या पुढील स्नायूचे साह्य अधिक मिळते; नवशिक्याने हीच पकड आधी घ्यावी.

परवा खालच्या इयत्तेतील एक मुलगा त्याच दांडीला लोंबकळत होता, व काही जण हसत होते. मी बाक उचलून त्याच्या पायांखाली ठेविला आणि म्हटले, "बाळ, आधी उतरायला शीक."