थेंबभर साका

नमुना धरल्यापासून तासाभरात काचेवर यायला हवा. फार तर दोन तास. लॅबमध्ये नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे सांगते. लघवी बाहेर पडली की तिच्यात बदल सुरू होतो. जंतू युरिया फोडतात, अमोनिया तयार होतो, लघवी अल्कधर्मी होते. पातळ आणि अल्कधर्मी लघवीत तांबड्या पेशी फुटतात, कास्ट, म्हणजे मूत्रपिंडाच्या नलिकेत गोठलेले प्रथिनाचे साचे, विरघळतात. जंतू मात्र वाढत जातात आणि फॉस्फेटचे स्फटिक नव्याने बनतात. म्हणजे मूत्रपिंडाच्या आजाराची खूण पुसली जाते आणि शरीरात नव्हतंच ते दिसायला लागतं. फ्रीजमध्ये ठेवली तर पेशी जरा टिकतात, पण गारठ्याने युरेट खाली बसून सगळं फील्ड झाकून टाकतात.

वाडीवरून सकाळी सातला भरलेली डबी दुपारच्या एसटीने आली, तर ती बाजूला ठेवून मी पेशंटलाच बोलावते. लोकांना हेलपाटा पडतो, त्यांचा रोज बुडतो, हे मला दिसतं. तरीही बोलावते. शिळ्या नमुन्यावर लिहिलेल्या ‘नॉर्मल’वर विसंबून कुणी औषध थांबवलं तर ते जास्त महाग पडेल.

*

पद्धत साधी आहे. दहा-बारा मिलिलिटर लघवी, सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं, मिनिटाला दीड ते दोन हजार फेरे. वरची लघवी ओतून द्यायची, तळाशी अर्धा मिलिलिटर ठेवायची, नळीला टिचकी मारून साका मोकळा करायचा आणि एक थेंब काचेवर. घाईत फेरे वाढवले तर कास्ट मोडतात. ओतताना हात सैल पडला आणि तळाशी दोन मिलिलिटर राहिली, तर ‘एका फील्डमध्ये इतक्या पेशी’ या आकड्याचा काही भरवसा उरत नाही. किती लघवी घेतली आणि किती ठेवली, हे रोज सारखं असेल तरच कालच्या आणि आजच्या रिपोर्टची तुलना होते.

*

उजेड कमी करा. हे वाक्य आमच्या मायक्रोस्कोपवर चिकटवून ठेवलंय.

रंगवलेल्या रक्ताच्या काचा बघायची सवय असलेला माणूस पूर्ण उजेडात साका बघतो आणि ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो. हायलाइन कास्टचा अपवर्तनांक लघवीच्या अगदी जवळचा असतो. झगझगीत उजेडात तो असून नसल्यासारखा. कंडेन्सर खाली घ्यायचा, डायफ्रॅम बराचसा मिटायचा, लो पॉवर लावायची आणि कव्हरस्लिपच्या कडेकडेने जायचं, कारण कास्ट कडेला जमतात. फाइन फोकसचा स्क्रू बोटाने सतत किंचित मागेपुढे करत राहायचं. मग करड्या फील्डमध्ये दोन समांतर रेषा उमटतात आणि त्यांना जोडणारं एक गोलसर टोक. स्क्रू थांबवला की ते परत विरतं. म्हणून हात थांबवायचा नाही.

*

कास्टबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या तपासणीचं खरं मोल तिथे आहे.

मूत्रपिंडात हेन्लेच्या वळणाचा जो जाड, वर चढणारा भाग असतो, त्याच्या पेशी एक प्रथिन सोडतात: युरोमोड्युलिन. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारं प्रथिन हेच. १९५०मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी ते वेगळं काढलं. त्यांचं काम विषाणूंवर होतं. विषाणूंमुळे तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, त्या थांबवणारं काहीतरी माणसाच्या लघवीत आहे, त्याचा ते शोध घेत होते. आम्ही अजून त्याला टॅम-हॉर्सफॉल प्रथिनच म्हणतो.

लघवीचा प्रवाह मंद झाला, ती दाट आणि आम्लधर्मी झाली, की हे प्रथिन नलिकेतच गोठतं आणि नलिकेचा आकार घेऊन लघवीबरोबर बाहेर येतं. गोठताना आसपास जे असेल ते आत अडकतं. मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात कास्ट बनत नाही. त्यामुळे सुटी तांबडी पेशी कुठूनही आलेली असू शकते, मूत्राशयातून, खडा घासून, पाळीच्या रक्तातूनसुद्धा. पण कास्टमध्ये अडकलेली तांबडी पेशी मूत्रपिंडातूनच आलेली असते. हे सोनोग्राफी सांगत नाही, क्रिएटिनिनचा आकडाही सांगत नाही.

नुसता हायलाइन कास्ट दिसला तर घाबरायचं कारण नाही. शेतात दिवसभर उन्हात राबलेल्या, खूप पळालेल्या, पाणी कमी पडलेल्या धडधाकट माणसाच्या लघवीतही तो येतो. पांढऱ्या पेशींचा कास्ट मूत्रपिंडापर्यंत चढलेला जंतुसंसर्ग किंवा नलिकांभोवतीच्या ऊतींची सूज दाखवतो. मळकट तपकिरी, दाणेदार कास्टांनी फील्ड भरलं असेल तर नलिकांच्या पेशी मरताहेत. लावणीच्या दिवसांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संशय असलेल्या पेशंटची लघवी मी याच कास्टांसाठी बघते. मेणासारखा, बोथट टोकांचा, कडेला चिरा पडलेला कास्ट म्हणजे प्रवाह बराच काळ तुंबला होता. आणि असा कास्ट नेहमीपेक्षा रुंद असेल, तर तो पसरट झालेल्या नलिकांमधून आलेला. जुन्या, बळावलेल्या आजाराची ती निशाणी.

*

पावसाळ्यात आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन आई आली. डोळ्यांभोवती सूज. आई म्हणाली, “मॅडम, कोऱ्या चहासारखी होतेय याला.” तीनेक आठवड्यांपूर्वी पायांवर पुवाच्या फोडी येऊन गेल्या होत्या, चिखलात खेळून. नमुना तिथल्या तिथे घेतला. लो पॉवरवर, कडेला, नारिंगी-तपकिरी रंगाची एक दंडगोल आकृती दिसली. हाय पॉवर लावली. आत तांबड्या पेशी खच्चून भरलेल्या, एका बाजूला त्यांच्या कडा वेगवेगळ्या ओळखू येत होत्या, दुसऱ्या बाजूला विरघळून नुसता रंग उरला होता. मी रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन केला. त्वचेवरच्या स्ट्रेप्टोकोकसनंतर होणारी मूत्रपिंडाची सूज मुलांमध्ये बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, पण त्या काही दिवसांत रक्तदाबावर डोळा ठेवावा लागतो. तो फोन त्यासाठी होता.

*

तांबड्या पेशींच्या आकारावर वेगळी नोंद करायला हवी. १९७९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बर्च आणि फेअरली यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की ग्लोमेरुलसमधून, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून आलेल्या पेशी वेड्यावाकड्या होतात आणि खालून कुठून तरी आलेल्या एकसारख्या, गोल राहतात. त्यातही कडी आणि तिच्यावर फुगवटे असलेली पेशी, अॅकॅन्थोसाइट, विशेष बोलकी. अशा पेशी शेकडा पाच किंवा जास्त असतील तर मूत्रपिंडाचा विचार आधी करावा लागतो.

दाट लघवीत आक्रसून काटेरी झालेली पेशी मात्र यात धरायची नाही. ती फक्त पाणी कमी असल्याचं सांगते. दोन्हींतला फरक ओळखायला फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप असेल तर फार बरं.

यीस्ट आणि तेलाचे थेंब तांबड्या पेशी म्हणून मोजले जातात, हे नेहमीचं. शंका आली तर सौम्य अॅसेटिक आम्ल टाकावं; तांबड्या पेशी फुटतात, यीस्ट जागच्या जागी राहतं.

*

“पस सेल्स ४-६” ही ओळ महाराष्ट्रातल्या घराघरातल्या फायलींत सापडेल. हाय पॉवरच्या एका फील्डमध्ये पाचपर्यंत पांढऱ्या पेशी सर्वसाधारण मानतात. बाईच्या नमुन्यात बाहेरून मिसळलेल्या चपट्या, स्क्वेमस पेशींची दाटी असेल तर त्या पांढऱ्या पेशींपैकी किती लघवीतल्या आणि किती बाहेरच्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. मधल्या धारेचा नमुना कसा धरायचा हे काउंटरवर नीट, न लाजता, दोन मिनिटं समजावून सांगितलं तर कितीतरी अँटिबायोटिकचे कोर्स वाचतील. हे काम मी बाईमाणसाकडेच देते. पुरुषाने सांगितलं तर बायका मान डोलावतात आणि विचारत काही नाहीत.

पस सेल्स भरपूर आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही, असं पुनःपुन्हा झालं तर आपल्या देशात मूत्रपिंडाच्या क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. साध्या कल्चरवर क्षयाचा जंतू वाढत नाही.

*

लघवीत बुडवलेल्या तपासणीच्या पट्टीवर रक्त तीन प्लस, काचेखाली तांबडी पेशी एकही नाही. नमुना ताजा असेल तर हा विरोधाभास फार महत्त्वाचा. पट्टीला पेशी कळत नाही, तिला हीम कळतं. मग ते फुटलेल्या रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन असो की स्नायूंतलं मायोग्लोबिन. घोणस चावल्यावर रक्तपेशी शरीरातच फुटू शकतात. समुद्रसापाचं विष स्नायू तोडतं, आणि जाळ्यात माशांबरोबर समुद्रसाप येणं आमच्या किनाऱ्यावर नवं नाही. दोन्हींत मूत्रपिंड बंद पडण्याचा धोका असतो. अशा वेळी रिपोर्टवर पट्टीचा निकाल आणि काचेवरचा निकाल शेजारी शेजारी लिहावा.

*

स्फटिकांनी लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि बहुतेक वेळा विनाकारण. दिसायला ते सुंदर असतात हे खरं. कॅल्शियम ऑक्झलेट डायहायड्रेट: चौकोन आणि त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. युरिक आम्ल: पिवळट-तपकिरी, समभुज चौकोन, कधी पाकळ्यांचे झुपके. ट्रिपल फॉस्फेट: रंगहीन, लांबट, दोन्ही टोकांना उतरते पैलू. पण यांतले कितीतरी लघवी गार झाल्यावर डबीतच तयार होतात. पालक किंवा चाकवत खाल्ल्यावर ऑक्झलेट दिसले म्हणून मुतखडा झाला असं नाही. वारंवार खडे होणाऱ्या माणसाच्या ताज्या, कोमट नमुन्यात ते सतत सापडले तर त्याला अर्थ आहे. ट्रिपल फॉस्फेटही ताज्या लघवीत, जंतूंसकट दिसले तर युरिया फोडणारा संसर्ग शोधावा.

एक स्फटिक मात्र कधीही निरोगी नसतो. रंगहीन, पातळ, नेटका षटकोन: सिस्टीन. विल्यम वॉलास्टन यांनी १८१०मध्ये मूत्राशयातल्या एका खड्यात हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला. एकच षटकोन खात्रीने दिसला तरी आईवडिलांकडून आलेल्या दोषाची तपासणी करावी, भावंडांचीही. युरिक आम्लही क्वचित षटकोनी होतं, पण ते ध्रुवित प्रकाशात रंगीत चमकतं, सिस्टीन जेमतेम.

विषबाधेत इथिलीन ग्लायकॉलचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि सुईसारखे मोनोहायड्रेट स्फटिक लघवीत येतात. त्याचा जातभाई डायइथिलीन ग्लायकॉल असं काही दाखवत नाही. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या याच भेसळीने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. स्फटिक नाहीत म्हणून विष नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

*

मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये आता यंत्रं साका बघतात. तांबड्या-पांढऱ्या पेशी ती माणसापेक्षा सातत्याने मोजतात, हे मान्य केलंच पाहिजे. कास्ट आणि वाकड्या पेशींच्या बाबतीत मात्र यंत्राने इशारा दिला तरी शेवटी माणसाला डोळा लावावा लागतो. आणि यंत्राला पेशंटच्या पायावरच्या फोडी ठाऊक नसतात. तपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले, ‘सूज’, ‘सर्पदंश’, ‘पाय चिखलात’, तरी आम्ही काचेवर काय शोधायचं ते बदलतं. ते दोन शब्द बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतात.

*

रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. परजीवींच्या अभ्यासात या गावाचं नाव जगभर माहीत आहे, इथे मात्र कुणाला फारसं सांगता येत नाही. १९५२मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी इथे माणसातला शिस्टोसोमायसिस हा कृमीचा आजार आढळल्याचं प्रसिद्ध केलं. लघवीतून रक्त, साक्यात अंडी. थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१मध्ये कैरोत हा कृमी शोधला होता; भारतात तो नाही अशी तोवरची समजूत. गिमवीत तो गोड्या पाण्यातल्या फेरिसिया नावाच्या इवल्याशा गोगलगायीत वाढतो असं पुढे दिसलं.

अंडं मोठं असतं, लो पॉवरवर सहज भरतं: लांबट, पारदर्शक कवच, एका टोकाला छोटा टोकदार काटा. पाण्यात उतरणाऱ्या कुणाच्या लघवीत विनाकारण रक्त दिसलं, किंवा आफ्रिकेत काम करून परत आलेला कुणी आला, तर मी अजूनही ते शोधते. त्यासाठी सकाळची पहिली लघवी चालत नाही. अंडी दुपारच्या सुमारास जास्त उतरतात, म्हणून नमुना दहा ते दोनच्या दरम्यान घ्यायचा, आधी थोडं चालायला किंवा जिने चढायला सांगून, आणि या वेळी मधली धार नको, शेवटचे थेंब हवेत.