मांदेलीचा वाटा

भिवंडीजवळच्या आमच्या दापोड्याला समुद्र नाही. तरी आमच्या आगरी घरात बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीवाचून कोरडे जात नसत. पापलेट-सुरमई पाहुण्यांना, घरच्यांना मांदेली. दिवा-वसई गाडीने भिवंडी रोडला उतरलेली कोळीण दारात पाटी टेकवून वाटे लावायची. आजी घासाघीस करायची आणि वाट्यावर वरची मूठभर टाकून घेतल्याशिवाय उठायची नाही.

मांदेली साफ करायला बसलं की नीट दिसते. जेमतेम वीतभर अंग, शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं. रंग सोनेरी आणि पोटाच्या कडेने मोत्यांसारख्या ठिपक्यांच्या ओळी. हे ठिपके म्हणजे प्रकाश देणारे अवयव, हे कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तासाला कळलं. डोकं चिमटीत मोडलं की आतडंही बाहेर येतं. कधी त्यात अर्धवट पचलेला जवळा सापडतो.

त्या जवळ्यातच समुद्राचा हिशेब आहे. जवळा सूक्ष्म प्लवकांवर जगतो, मांदेली जवळ्यावर आणि बोंबील, वाकटी मांदेलीवर. वसई-अर्नाळ्याकडे भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोल जाळ्यात जवळा, मांदेली, बोंबील एकत्रच सापडतात. खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच पाण्यात असतो. डोळ्यांना न दिसणारं अन्न मोठ्या मासळीच्या तोंडापर्यंत पोचवतात ते असे थव्याने फिरणारे छोटे मासे.

पुढे आमच्या शेतांवर गोदामं उभी राहिली आणि त्यातल्याच एकात मी हिशेबनीस झालो. एकदा कोंबडीखाद्याची पोती उतरली. वास ओळखीचा होता: माशांचं कूट. जगभर छोटी मासळी अशीच दळली जाते. पेरूच्या किनाऱ्यावर मांदेलीच्याच कुळातल्या अँकोव्हेटाची 1970 साली 1 कोटी 20 लाख टनांहून अधिक मासेमारी झाली. बेसुमार उपसा आणि त्यात एल निनो; 1972 मध्ये तो धंदा कोसळला. त्या माशावर जगणारे समुद्रपक्षीही उपासमारीने मेले.

आपल्याकडे 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. मान योग्यच आहे. पण मोठ्या मासळीला जगवणाऱ्या या बारक्या मासळीची चौकशी कोणी करत नाही. ती स्वस्त आहे, एवढाच तिचा दोष.

जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात, त्या मासळीच्या विणीसाठीही. तेव्हा ताज्या मांदेलीचा हट्ट धरू नका. आगोटीलाच, पावसाच्या तोंडावर, सुकी भरून ठेवा. पावसात वांग्याबरोबर ती फर्मास लागते.